माळढोक वाचवायचा तर आधी ज्वारीवाला वाचवा



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, कर्ज आहे, वीज आहे, पीक विमा आहे. त्यात मी एका पाखराचा विषय घुसडतो आहे. "माणसे मरताहेत आणि ह्यांना पाखरे सुचतात," असे कोणी ना कोणी म्हणणारच. म्हणू द्या. पण ह्याच पाखराच्या नावाने सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतला एकवीस लाख एकर मुलूख तेहतीस वर्षे कायद्याने बांधून ठेवला होता. त्या मुलखातला शेतकरी आपल्यासारखाच कोरडवाहू, ज्वारी पिकवणारा. आणि एवढे करूनही पाखरू वाचले नाही ते नाहीच. शेतकऱ्याचे हात बांधले गेले आणि ज्याच्यासाठी बांधले तेही गेले. हा हिशेब कोणी तरी मांडायला हवा. तो शहरातले निसर्गप्रेमी मांडणार नाहीत आणि वनखाते तर नाहीच नाही. म्हणून आपण मांडू.

पाखरू कसे जगत होते

माळढोक म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर दहा-पंधरा किलोंचा, उभा राहिला की मीटरभर उंच. तो झाडावर बसत नाही, घरटे बांधत नाही. मादी पावसाळ्याच्या दिवसांत उघड्या माळावर, नुसत्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ महिनाभर त्यावर बसून राहते. ते अंडे गुरांच्या खुराखाली गेले, कुत्र्याने खाल्ले की त्या मादीचा हंगाम वाया. आपल्याकडे एक पाऊस हुकला की वर्ष जाते, तशातलीच गत.

हा पक्षी जंगलातला नव्हे, हे आधी डोक्यात पक्के करा. तो माळाचा आहे आणि आपल्या वावराचा आहे. नाकतोडे, भुंगेरे, सरडे हे त्याचे खाणे. जोडीला ज्वारीचे दाणे, भुईमूग, बोरे. सोलापूर-नगर भागात रब्बी ज्वारीच्या रानाची रीत काय? पावसाळाभर जमीन पडीक ठेवायची, वखराच्या पाळ्या द्यायच्या, ओल जिरवायची आणि भाद्रपद-आश्विनात पेरायचे. म्हणजे ज्या महिन्यांत माळढोक माळावर अंडे घालतो, त्याच महिन्यांत शेजारचे वावर मोकळे असते. दूरवर नजर जाते, किडा-मुंगी टिपता येते. माळ, पडीक आणि ज्वारी ह्या तिघांच्या आधाराने पाखरू पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्याला कोणी परवाना दिला नव्हता आणि शेतकऱ्यानेही त्याचे भाडे मागितले नव्हते.

मग त्याला मारले कोणी? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स हा इंग्रज दख्खनच्या पक्ष्यांच्या नोंदी करीत होता. एका साहेबाने ह्या भागात हजारभर माळढोक मारल्याचे तो लिहून गेला. पुढे संस्थानिकांनी मारले, मग जीपगाड्या आल्या आणि रात्री दिव्याच्या झोतात शिकारी सुरू झाल्या. वखर हाकणाऱ्याकडे ना बंदूक होती, ना जीप. तरी कायदा आला तेव्हा बेडी पडली ती वखर हाकणाऱ्याच्या पायात.

चौदा मुंबया

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. माळढोक त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. शिकारीवर बंदी आली. ती योग्यच होती आणि तिला आपला विरोध नाही. सत्तरच्या दशकात सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचे सर्वांच्या नजरेस आले आणि १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. किती मोठे? ८,४९६ चौरस किलोमीटर. एकराच्या भाषेत सुमारे एकवीस लाख. सगळ्या बृहन्मुंबईचे क्षेत्र सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे चौदा मुंबया मावतील एवढ्या मुलखावर मंत्रालयातून एक रेघ ओढली गेली. रेघेच्या आत गावे आली, बाजारपेठा आल्या, तालुक्याची ठिकाणे आली. वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यातला एक लहानसा तुकडा. बाकी सगळा सातबारा आपला.

आता कायद्याचे विसावे कलम पाहा. अभयारण्याची अधिसूचना निघाली की आतल्या जमिनीवर कोणालाही नवा हक्क मिळत नाही. वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने मिळेल तेवढाच. सरळ मराठीत, बापाची जमीन मुलाला मिळेल, पण मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी दोन एकर विकायची म्हटली तर कायदा आडवा. त्याच कायद्यात असेही लिहिले आहे की जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करून प्रत्येकाचे हक्क ठरवावेत, घ्यायचे असतील तर मोबदला देऊन घ्यावेत. पहिले कलम चोख पाळले, दुसरे बासनात राहिले. खरेदी-विक्री, बिनशेती, रस्ता, कालवा, कुठल्याही कामाला हात घातला की अभयारण्याचे नाव पुढे यायचे. अखेर २०१२ साली क्षेत्र कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. १९७९ ते २०१२, तेहतीस वर्षे. एका पिढीची सगळी कर्ती उमर.

ह्याचा परिणाम काय झाला तो मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे अधिकच उघडा दिसतो. तिथे १९८१ साली माळढोकासाठी अभयारण्य केले, तेही असेच शेतजमिनीवर. जमीन विकता येईना. काळवीट वाढले आणि उभी पिके खाऊ लागले. ज्या पाखराकडे गाव कौतुकाने पाहत होते त्याचाच राग राग सुरू झाला. नव्वदच्या दशकात करेऱ्याचा माळढोक संपला. पाखरू संपल्यावरही बंधने वर्षानुवर्षे राहिली आणि शेवटी अभयारण्यच मोडीत काढावे लागले. शेतकऱ्याला शत्रू करून त्याच्याच वावरात राहणारा पक्षी वाचवायचा, ही अक्कल कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

ज्वारी कोणी मारली?

कायदा हा हिशेबाचा एक भाग. खरा भाग पुढे आहे आणि तो आपल्या रोजच्या मुद्द्याशी, म्हणजे भावाशी, जोडलेला आहे.

अभयारण्यातल्याच मोहोळला तिसाच्या दशकात संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून 'एम ३५-१' हा ज्वारीचा वाण निवडला गेला.  आज नव्वद वर्षे होत आली तरी रब्बीच्या रानात त्याची बरोबरी करणारे वाण थोडेच. भाकरीला गोड, कडब्याला उत्तम, पाण्याचा ताण सोसणारा. मालदांडी आणि माळढोक एकाच रानातले सोबती. मालदांडी टिकली असती तर माळढोकालाही दाणा आणि आडोसा राहिला असता.

पण मालदांडी पिकवणाऱ्याचे काय केले? सत्तरच्या दशकात ज्वारीवर लेव्ही लावली. बाजारात चार पैसे मिळायची वेळ आली की सरकार कमी भावाने धान्य उचलून न्यायचे. रेशनवर गहू आणि तांदूळ स्वस्त केला, त्यामुळे ज्यांची भाकरी ज्वारीची होती त्यांच्याही ताटातून ज्वारी उठली. हमीभाव जाहीर होतो, पण घेणारे केंद्र शोधत फिरावे लागते. २०२३ साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर साजरे झाले, ज्वारीला 'श्री अन्न' म्हटले, मोठमोठ्या मेजवान्या झाल्या. नाव मोठे झाले, पण ज्वारीवाल्याच्या पदरात काय पडले ते तुमच्या बाजार समितीच्या पावत्या सांगतील.

निकाल पाहा. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात ज्वारीचे क्षेत्र साठ लाख हेक्टरांच्या पुढे होते. आज ते वीस लाखांच्या खाली आले आहे. ज्याला पाणी मिळाले त्याने ऊस लावला. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, पाठोपाठ कारखाने आले आणि ज्या सोलापूरची ओळख ज्वारीचे कोठार अशी होती तो साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात पुढे गेला. उसाच्या फडात माळढोक राहू शकत नाही. त्याला चारी बाजूंना मोकळी नजर लागते, पडीक लागते; ऊस वर्ष-दीड वर्ष जमीन सोडत नाही. पण उसाला दोष देऊ नका आणि ऊस लावणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. ज्वारीत तोटा आणि उसात घर चालते, हे गणित शेतकऱ्याने मांडलेले नाही. ज्याने ज्वारीचा भाव पाडला त्याने मांडले.

आणि उरलेला माळ? कृषी महाविद्यालयाच्या आणि महसूल खात्याच्या कागदात माळाला 'पडीक', 'नापीक' अशा रकान्यात टाकलेले असते. त्या एका शब्दाने मोठा घात केला. जे नापीक ते हिरवे करायचे म्हणून दुष्काळी भागाच्या योजनांतून माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली. नान्नजच्या माळावरही लावली. झाडे लावल्याचे फोटो छापून आले, आकडे फुगले आणि उघड्या माळावरच्या पाखराची नजर अडली. म्हणजे एकीकडे 'माळढोक वाचवा' म्हणून शेतकऱ्याला बांधायचे आणि दुसरीकडे सरकारी पैशाने त्याचा माळ बुजवायचा!

कापूसवाल्यांनी आपण यातून वेगळे आहोत असे समजू नये. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा भागातही हा पक्षी शेताशिवारातून वावरत आला आहे. बोंडअळी आटोक्यात येईना म्हणून फवारणीवर फवारणी करायला लावली आणि वावरातला नाकतोडाही संपला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ज्या विषाने फवारणाऱ्या माणसाचा जीव घेतला, ते पाखराच्या खाण्यातले किडे शिल्लक ठेवील, अशी आशा कोणी धरावी?

तीन वर्षे आणि तेहतीस वर्षे

आता हिशेबाचा दुसरा रकाना. १९६९ साली देशात माळढोक साधारण १,२६० असावेत असा अंदाज होता. २०११ मध्ये जागतिक यादीत त्याला नष्ट होण्याच्या अगदी कडेवरचा पक्षी म्हणून टाकले. २०१८ च्या अंदाजात ते दीडशेच्या आसपास आले. त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटी पट्ट्यात. आपल्या महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याचीही गरज पडू नये अशी अवस्था आहे.

जैसलमेरला नवी आफत विजेच्या तारांची. तिथे पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आले, त्यांच्या मोठ्या वाहिन्या माळावरून गेल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि पंधरा किलोंचा पक्षी ऐनवेळी वळू शकत नाही. तारेवर आदळून वर्षाला अठरा माळढोक मरत असावेत, असा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. दीडशेंतले अठरा!

१९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या पट्ट्यातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सरकार न्यायालयात गेले: खर्च फार, अडचणी फार, देशाला सौरऊर्जा हवी. २१ मार्च २०२४ रोजी तो सरसकट आदेश बदलला गेला आणि मार्ग सुचवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली. न्यायालयाच्या निकालावर टीका करण्याचे मला कारण नाही. विजेची गरज खरी आहे, अडचणीही खऱ्या असतील. माझा प्रश्न एवढाच: वीज प्रकल्पांची अडचण ऐकायला तीन वर्षे पुरली, ज्वारीवाल्याची अडचण ऐकायला तेहतीस का लागली? त्यांच्यासाठी खुद्द केंद्र सरकार न्यायालयात उभे राहिले. विसाव्या कलमात अडकलेल्या शेतकऱ्यासाठी कोण उभे राहिले? 'इंडिया'ची तार जमिनीखाली घालायची तर खर्च मोजला जातो. 'भारता'चे वावर कागदाखाली घातले तर त्याचा खर्च कोणी मोजत नाही.

जागृती कोणाची?

निसर्ग वाचवण्याची गोष्ट निघाली की 'जनजागृती' हा शब्द येतोच. शाळेत चित्रकला स्पर्धा, चौकात फलक, वन्यजीव सप्ताहात फेरी. आणि जागे कोणाला करायचे? शेतकऱ्याला! ज्याच्या वावरात ते पाखरू हजारो वर्षे जगले त्याला पाखराची किंमत समजावून सांगायला शहरातून गाडी येते.

शेतकरी जागाच आहे. जागृती शहराची व्हायला हवी. पोळी खाणाऱ्याला कळले पाहिजे की त्याच्या ताटातून ज्वारी उठली तेव्हा माळावरून माळढोकही उठला. माळाला 'मोकळी जागा' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला कळले पाहिजे की तिथे धनगराची मेंढरे चरतात, गावाची गुरे चरतात, लांडगा आणि काळवीट राहतात. ती जागा मोकळी नव्हे, भरलेली आहे. आणि पाखरावर मनापासून प्रेम करणाऱ्यांनाही सांगायचे आहे: तुमचे प्रेम खरे असेल तर त्याची किंमत तुम्ही द्या. दुसऱ्याच्या सातबारावर दानधर्म करू नका.

'गेले तर गेले' म्हणणाऱ्यांना

आपल्यातही काही जण म्हणतात, बरे झाले, ब्याद गेली. पाखरूच नाही तर अभयारण्य कशाला? ह्या भावांना मी दोन गोष्टी सांगेन.

पहिली, पाखरू गेल्याने जमीन सुटत नाही. करेऱ्यात सुटली नाही. उलट पाखरू गेलेला माळ 'निरुपयोगी' म्हणून कारखान्याला, सौर प्रकल्पाला, कोणालाही द्यायला सोपा जातो. त्यात गायरान जाते, मेंढरांची वाट जाते आणि ग्रामसभेला कळायच्या आत खांब रोवले जातात.

दुसरी, माळढोक आणि कोरडवाहू शेतकरी यांचा मारेकरी एकच आहे. कोरडवाहू रान, साधे पीक, पडीक, गुरे-मेंढरे ही सगळी व्यवस्था ज्या धोरणाने तोट्यात नेली, त्या धोरणाने पाखरालाही हाकलले. तेव्हा आपल्यात कोणी अंडे फोडत असेल, शिकाऱ्याला वाट दाखवत असेल, तर त्याने छातीवरचा बिल्ला काढून ठेवावा. आपले भांडण पाखराशी नाही.

भाडे द्या

मग पाखरू वाचवायचे कसे? राजस्थानात २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालू आहे; २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मले. चांगले काम आहे. पण पिंजऱ्यात वाढवलेले पिल्लू उद्या सोडायचे कुठे? त्याला पुन्हा माळ लागेल, पडीक लागेल, ज्वारी लागेल. म्हणजे पुन्हा आपल्याच दारात यावे लागेल.

येताना कायद्याची काठी घेऊन येऊ नका, करार घेऊन या. हे स्वप्नरंजन नाही. माळढोकाचा भाऊबंद असलेला मोठा पक्षी युरोपातही आहे आणि जगातल्या त्याच्या एकूण संख्येपैकी निम्म्याहून जास्त पक्षी एकट्या स्पेनमध्ये आहेत, तेही गहू-जवाच्या कोरडवाहू शेतांत. तिथे नव्वदच्या दशकापासून युरोपीय समुदायाच्या पैशातून शेतकऱ्यांशी करार होतात: एवढी जमीन पडीक ठेवा, पिल्ले मोठी होईपर्यंत कापणी थांबवा, त्याचे हेक्टरी एवढे घ्या. तिथेही सगळे गोड नाही, अलीकडे संख्या घटल्याच्या तक्रारी आहेत. पण तत्त्व सरळ आहे. समाजाला पाखरू हवे, जमीन शेतकऱ्याची आहे, तर समाजाने भाडे द्यावे. हे अनुदान नव्हे, उपकार नव्हे. घर वापरले की भाडे द्यावे लागते, तसे.

आपल्याकडे किती लागेल? उदाहरणापुरते धरा: माळढोकासाठी तीस हजार एकर रान निवडले आणि एकरी वर्षाला दहा हजार रुपये भाडे ठरले, तर होतात तीस कोटी. एवढ्या पैशात चौपदरी रस्ता किती लांब जातो ते कंत्राटदाराला विचारा. एकवीस लाख एकर फुकटात बांधून जे साधले नाही, ते तीस हजार एकरांचे भाडे देऊन साधण्याची शक्यता तरी आहे.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

एक. खासगी शेतजमिनीवर अभयारण्य किंवा तत्सम बंधन घालायचे असेल तर आधी ग्रामसभेची संमती, आधी हक्कांची चौकशी आणि आधी मोबदला. मुदतीत चौकशी पूर्ण झाली नाही तर बंधन आपोआप रद्द व्हावे.

दोन. माळढोकाच्या पट्ट्यात जो शेतकरी राजीखुशीने ज्वारी आणि पडीक राखेल त्याला दरवर्षी एकरी भाडे, थेट खात्यात, कराराने. करारातून बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे.

तीन. रेशनवर, आश्रमशाळांत आणि शाळांच्या आहारात ज्वारी द्यावी, ती जाहीर भावाने शेतकऱ्याकडून घ्यावी आणि ज्वारीच्या व्यापारावर पुन्हा कधी बंधन घालू नये.

चार. माळ आणि गायराने 'पडीक' म्हणून नोंदणे बंद करावे. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय तिथे ना वृक्षलागवड, ना प्रकल्प. माळढोकाच्या वाटेवरच्या तारा प्रकल्पाच्या खर्चाने जमिनीखाली जाव्यात.

पाच. काळवीट, हरीण, रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई पिकाच्या खऱ्या किमतीने आणि हंगाम संपायच्या आत मिळावी.

हे ठराव गावाच्या चावडीवर वाचा, वाद घाला, दुरुस्त्या सुचवा आणि बैठकीला येताना लिहून आणा. आजवर पाखरांच्या वतीने बोलायचा मक्ता ज्यांनी घेतला त्यांच्याकडे पाखरे नाहीत आणि राने तर नाहीतच. रान आपल्याकडे आहे. माळढोक परत यायचा असेल तर तो कुणाच्या फलकावर उतरणार नाही, ज्वारीच्या वावरातच उतरेल. ते वावर राखणाऱ्याला परवडले पाहिजे, एवढीच आपली अट आहे. ह्या अटीवर पाखराची बाजू घेऊन भांडायला आपण आधी उभे राहू.